आमले कोन इचारस?

२०१० च्या पावसाळ्यातला एक रविवार. धुळ्यात मिस्सा, म्हणजे रविवारची मुख्य उपासना, चालू होती. मुख्य प्रार्थनेत फादरांनी पोप बेनेडिक्ट यांचं नाव घेतलं आणि बिशपांचं नाव जिथे येतं तिथून ते न थांबता पुढे गेले. धर्मप्रांताला, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालच्या भागाला, बिशप नसले की ते नाव गाळायचं, असा उपासनेचा नियमच आहे. माझ्या शेजारी साक्रीकडच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांना सगळी मिस्सा तोंडपाठ. ओळखीचं नाव कानावर पडलं नाही म्हणून त्या अडखळल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढचे शब्द पकडले. बाहेर आल्यावर त्यांनी फादरांना विचारलं, "नवा बिशप कव्हय येतीन?" फादर म्हणाले, "रोमहून कळलं की कळेल, आजी." पायात चपला सरकवत आजी म्हणाल्या, "आमले कोन इचारस!" त्यात तक्रार नव्हती. पाऊस कधी पडणार हे आपल्याला कोणी विचारत नाही, तितक्या सहजपणे त्या बोलल्या होत्या.

हे आठवायचं कारण गेल्या दोन वर्षांतला वाद. २०२४ मध्ये नाशिकचे बिशप लूर्ड्स डॅनियल निवृत्त झाले आणि मुंबईचे सहायक बिशप बार्थोल बरेटो त्यांच्या जागी आले. धुळे-नंदुरबार नाशिक धर्मप्रांतात येतात, त्यामुळे मिस्सेनंतरच्या चहापासून लग्नाच्या मांडवापर्यंत हा विषय निघतोच. आणि निघाला की दोनच सुरांत निघतो. एक सूर म्हणतो, बाहेरचे किती दिवस आणणार, आता आपला माणूस द्या. दुसरा सूर म्हणतो, बिशप पोप महोदय नेमतात, त्यावर बोलणं हीच अश्रद्धा. मला दोन्ही सूर चुकीचे वाटतात. नव्या बिशपांच्या कामाबद्दल मला इथे काहीही म्हणायचं नाही. त्यांना वेळ मिळाला पाहिजे. माझं म्हणणं नेमणुकीच्या रीतीबद्दल आहे. बिशप कोण आणि कुठला, यावर आपण हमरीतुमरीवर येतो. पण बिशप ठरवण्याआधी या धर्मप्रांताची गरज काय आहे हे इथल्या माणसांना विचारलं जावं, येणाऱ्याला इथली भाषा यावी आणि तो इथे पुरेशी वर्षं राहावा, या तीन गोष्टी कोणी मागत नाही. नेमणूक पोपनीच करावी. नावं गुप्तच राहावीत. तरीही या तिन्ही गोष्टी होऊ शकतात, आणि त्या मागायचा आपल्याला अधिकार आहे.

आधी रीत समजून घेऊ, कारण ती माहीत नसताना भांडणारेच जास्त भेटतात. १९८३ च्या धर्मसंहितेतल्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातल्या, ३७७ व्या कलमानुसार बिशपांची नेमणूक पोप स्वतंत्रपणे करतात, किंवा कायदेशीर रीतीने निवडून आलेल्याला मान्यता देतात. एका प्रांतातले बिशप दर तीन वर्षांनी, निदान तेवढ्या अवधीत एकदा, बिशपपदाला योग्य अशा धर्मगुरूंची यादी करतात. आपल्यापुरतं सांगायचं तर मुंबईचे आर्चबिशप आणि पुणे, नाशिक, वसईचे बिशप. जागा रिकामी झाली की दिल्लीतले पोप यांचे राजदूत, ज्यांना आपण नन्सिओ म्हणतो, ते चौकशी करतात आणि तीन नावं रोमला पाठवतात. भारतातल्या लॅटिन, म्हणजे आपल्यासारख्या रोमन उपासनापद्धतीच्या, धर्मप्रांतांची प्रकरणं १६२२ साली प्रसारकार्यासाठी स्थापन झालेल्या खात्याच्या आजच्या वारसाकडे जातात. आता त्याच कलमातली एक ओळ नीट वाचण्यासारखी आहे. नन्सिओंनी धर्मप्रांताच्या सल्लागार धर्मगुरूंपैकी काहींचं मत घ्यावं असं ती सांगते. आणि त्यांना योग्य वाटल्यास, इतर धर्मगुरूंचं आणि शहाण्या प्रापंचिकांचंही मत एकेकट्याने आणि गुप्तपणे घ्यावं. "योग्य वाटल्यास." आमच्या आजींचा सगळा प्रश्न या दोन शब्दांत अडकलेला आहे. खिडकी कायद्याने ठेवलेली आहे. ती उघडायची की नाही हे एका माणसाच्या मर्जीवर आहे, आणि उघडली तरी कोणासाठी उघडली हे कधीच कळत नाही.

मग काय बिघडलं, असं दुसऱ्या सुराचे लोक विचारतील. चांगले बिशप मिळालेच ना? मिळाले, आणि मी त्यांच्याबद्दल आदराने लिहितो. पण क्रम पाहा. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. पहिले बिशप थॉमस भालेराव, जेझुईट या धर्मसंघाचे, २००७ पर्यंत होते. वीस वर्षं. त्यानंतरची तीन वर्षं अशी गेली: काही महिने जागा रिकामी, २००८ च्या सुरुवातीला फेलिक्स मच्याडो आले, २००९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची वसईला बदली झाली, पुन्हा जागा रिकामी, आणि २०१० मध्ये लूर्ड्स डॅनियल आले, तेही अमरावतीचे बिशप होते तिथून. म्हणजे दोन वर्षंसुद्धा पूर्ण न करता एक बिशप गेले आणि दुसरे, दुसऱ्या धर्मप्रांताला पोरकं करून आले. ही साखळी कुठे सुरू झाली? पुण्याची जागा रिकामी झाली म्हणून २००९ मध्ये वसईचे थॉमस डाबरे पुण्याला गेले. वसई रिकामी झाली म्हणून नाशिकचे मच्याडो वसईला. नाशिक रिकामं झालं म्हणून अमरावतीचे डॅनियल नाशिकला. आणि अमरावतीला नवे बिशप मिळाले २०१२ मध्ये. एका मोठ्या शहराची खुर्ची भरताना जो खड्डा पडला तो सरकत सरकत शेवटी सगळ्यात गरीब टोकाला जाऊन थांबला. यात कोणा एका माणसाचा दोष नाही. बदलीचा हुकूम आला की बिशप जातो, त्याने तसं वचनच दिलेलं असतं. पण हे एकदाच झालं असंही नाही. पुण्याला २०२३ मध्ये नेमलेले जॉन रॉड्रिग्ज पुढच्याच वर्षी मुंबईच्या आर्चबिशपांचे उत्तराधिकारी म्हणून गेले आणि पुणं पुन्हा रिकामं झालं.

निकेयाच्या परिषदेने, म्हणजे ज्या परिषदेचा श्रद्धेचा अंगीकार आपण दर रविवारी म्हणतो तिने, ३२५ सालीच बिशपांनी एका नगरातून दुसऱ्या नगरात जायला बंदी घातली होती. पंधरावा नियम. त्या काळी बिशप आणि त्याचं नगर यांचं नातं विवाहासारखं मानत. ती बंदी पुढे सैल होत गेली आणि काही वेळा सैल होणं गरजेचंही होतं. पण तिच्यामागचं कारण जुनं झालं का? नंदुरबारमधल्या अक्राणीच्या डोंगरात ज्याला पाड्यांची नावं पाठ व्हायला तीन पावसाळे लागतात, त्याला दुसऱ्याच वर्षी उचललं तर तो या लोकांचा मेंढपाळ कधी होणार?

रिकाम्या जागेचे परिणाम प्रार्थनेतल्या गाळलेल्या नावापुरते नसतात. मधल्या काळात धर्मप्रांत प्रशासक सांभाळतो, आणि कायद्याचं जुनं सूत्र असं की गादी रिकामी असताना काही नवं करू नये. जागा वर्षभर रिकामी राहिल्याशिवाय तो धर्मग्रामांना, म्हणजे एकेका चर्चच्या वस्त्यांना, कायमचे धर्मगुरूही नेमू शकत नाही. शहरात हे जाणवत नाही, कारण तिथे मोठी धर्मग्रामं, धर्मभगिनींच्या शाळा, जुनी घडी असते. जिथे सगळंच नवं उभं राहायचं आहे तिथे मात्र वसतिगृहाची खोली, नवा मास्तर, डोंगरावरच्या प्रार्थनाघराचे पत्रे, सगळ्याला एकच उत्तर मिळतं: बिशप आल्यावर बघू. (आमच्याकडे प्रचारकाला अजून मास्तरच म्हणतात. मिशनच्या पहिल्या दिवसांपासूनचा शब्द आहे.)

आता विरोधी बाजूचे मुद्दे. ते भक्कम आहेत आणि मला त्यांना बगल द्यायची नाही.

पहिला मुद्दा निवडणुकीचा. लोकांना विचारायला लागलात की पॅनेलं पडतील, असं लोक म्हणतात. ही भीती खरी आहे. खानदेशातल्या माणसाला साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक यांच्या निवडणुका शिकवायला नकोत. रात्रीतून फुटणारे मतदार, पोटजातींची गणितं, जेवणावळी. धर्मप्रांताकडे जमिनी आहेत, शाळा आहेत, नोकऱ्या आहेत. मतपेटी ठेवली तर दुसरं काय होईल? इतिहासही हेच सांगतो. ३६६ साली खुद्द रोमच्या बिशपपदासाठी दमासस आणि उर्सिनस यांचे गट भिडले आणि एका दिवसात एका बासिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, १३७ प्रेतं मोजली गेली, असं आमियानुस या तत्कालीन इतिहासकाराने नोंदवलं आहे. हे विसरून "आधीच्या काळी लोक बिशप निवडत होते, किती सुंदर" असं म्हणणं अर्धवट आहे.

पण त्याच्या बरोबर आठ वर्षांनी, ३७४ मध्ये, मिलानच्या लोकांनी आरडाओरडा करून आम्ब्रोसला बिशप केलं. तो प्रांताचा अधिकारी होता, भांडण मिटवायला चर्चमध्ये आला होता, आणि त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. आज कोणत्याही यादीत त्याचं नाव आलं नसतं. तो चर्चचा आचार्य झाला. पाचव्या शतकात थोर पोप लिओंनी लिहिलं की जो सर्वांवर अध्यक्ष होणार तो सर्वांनी निवडलेला असावा. म्हणजे विचारण्याची रीत लोकशाहीच्या नादाने आलेलं आधुनिक खूळ नाही. ती चर्चच्या पोटातली आहे. आजही स्वित्झर्लंडमधल्या बासेलला कॅथेड्रलचं धर्मगुरूमंडळ बिशप निवडतं आणि पोप त्याला मान्यता देतात. आपल्या देशातल्या केरळच्या सिरो-मलबार चर्चमध्ये बिशपांची सिनोद, म्हणजे परिषद, निवड करते. जानेवारी २०२४ मध्ये राफेल तट्टिल मेजर आर्चबिशप, म्हणजे त्या चर्चचे प्रमुख, झाले ते असेच. ते कॅथलिक नाहीत का? मी मतपेटी मागत नाही, तरी हे सांगतो, कारण "कॅथलिक माणसाने असं बोलूच नये" या दटावणीला उत्तर देणं भाग आहे. उलट २१२ वं कलम श्रद्धावंतांना आपलं मत मेंढपाळांना कळवण्याचा हक्क देतं आणि काही वेळा ते कर्तव्य ठरतं असंही म्हणतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोमच्या सिनोदीने संमत केलेल्या अंतिम दस्तऐवजात, बिशपांच्या निवडीत देवाच्या प्रजेचा आवाज वाढावा, अशी इच्छा स्पष्ट लिहिलेली आहे. रोम बोलतं आहे. आपणच गप्प आहोत.

दुसरा मुद्दा गुप्ततेचा. नावं उघड झाली तर ज्याची निवड झाली नाही त्या धर्मगुरूची आयुष्यभर कुचंबणा होते, खोटी पत्रं जातात, जुनी वैरं उकरली जातात. मला हे पूर्ण मान्य आहे. पण नावं गुप्त ठेवायला प्रश्न कशाला गुप्त ठेवायचे? तुमच्या धर्मग्रामात कोणत्या भाषा बोलतात? किती कुटुंबं सहा महिने ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात? त्या काळात मुलांचं धर्मशिक्षण कोण करतं? हे विचारल्याने कोणाची अब्रू जाते? अशी माहिती उघडपणे गोळा करून नन्सिओंच्या टेबलावर ठेवली, तर तीन नावं ठरवताना ती समोर राहील. बिशप पंच्याहत्तरीला राजीनामा देतो, ती तारीख सगळ्यांना वर्षानुवर्षं आधी ठाऊक असते. मग चौकशी जागा रिकामी झाल्यावरच का सुरू व्हावी?

तिसरा मुद्दा सरकारचा. स्थानिक पातळीवर दार उघडलं की राजकारणी आत येतील, असं काही जाणते लोक म्हणतात आणि चीनकडे बोट दाखवतात. तिथे बिशपांच्या नेमणुकीसाठी २०१८ मध्ये व्हॅटिकनला सरकारशी तात्पुरता करार करावा लागला, आणि तो पुन्हा पुन्हा वाढवला गेला. धोका लहान नाही. पण राजसत्ता बिशपांच्या नेमणुकीत घुसली ती लोकांना विचारल्यामुळे कधी घुसली? आपल्याकडे तर सगळं उलट घडलेलं आहे. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडचे बिशप सुचवण्याचा हक्क होता. दिवार बेटावरचा माथेउस दि कास्त्रो हा गोवेकर, गोव्यात त्याला धर्मगुरू होऊ देईनात म्हणून रोमला गेला, तिथे दीक्षित झाला, १६३७ मध्ये बिशप झाला आणि आदिलशाही मुलखासाठी परत पाठवला गेला. पोर्तुगीजांनी त्याला सुखाने काम करू दिलं नाही. तो शेवटी रोममध्येच वारला. आणि पुढे १९२८ चा मुंबईचा करार पाहा. मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश, पाळीपाळीने, असं रोमने पोर्तुगालशी ठरवलं होतं. मुंबईच्या कोळ्याला, ईस्ट इंडियनाला, गोवेकराला कोणी विचारलं? या व्यवस्थेतून आलेले आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनीच तिच्यातून वाट काढली. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस त्यांचे सहायक झाले, आणि भारतीय माणसाच्या हाती कारभार यावा म्हणून रॉबर्ट्स स्वतः मुंबईपासून दूर राहिले. १९५० मध्ये त्यांनी पद सोडलं. ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल.

इथे पहिल्या सुराच्या लोकांशी बोलायला हवं. व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे "आपले" होते ना? त्यांचा जन्म कराचीचा, गोवन घरातला. आपला माणूस म्हणजे नेमका कोण? नाशिक धर्मप्रांतात ख्रिस्ती लोकांचं बळ अहिल्यानगरकडे आहे; हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गेलेल्या कोणालाही ते दिसतं. तिथल्या गावकुसाबाहेरच्या माणसांनी शंभर-सव्वाशे वर्षं श्रद्धा टिकवली, त्यांच्यातला मुलगा बिशप व्हावा ही इच्छा अगदी न्यायाची आहे. २०२२ मध्ये हैदराबादचे अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले, तेव्हा आमच्याकडेही डोळे भरून आले होते. पण श्रीरामपूरचा धर्मगुरू तोरणमाळला गेला तर तिथे तो आपला की परका? आणि धुळ्याचा, माझ्यासारखा अहिराणी बोलणारा, पावऱ्यांच्या पाड्यावर? आपला-परका ही रेघ ओढायला लागलो की ती प्रत्येक घाटावर नव्याने ओढावी लागते, आणि सातपुड्यातला माणूस प्रत्येक वेळी रेघेच्या पलीकडेच राहतो.

म्हणून मी गावापेक्षा भाषेला धरून बसलो आहे. काही वर्षांपूर्वी अक्राणीतल्या एका पाड्यावर दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बिशपांच्या हातून होणाऱ्या संस्काराच्या, विधीला गेलो होतो. बांबूचा मांडव, वर सागाची पानं, पंधरा-सोळा मुलं-मुली धुवून वाळवलेल्या पांढऱ्या सदऱ्यांत. बिशपांचं प्रवचन मराठीत, साधं आणि प्रेमाचं होतं. दर दोन वाक्यांनंतर ते थांबत आणि मास्तर पावरीत, म्हणजे पावऱ्यांच्या भाषेत, सांगत. बिशपांचं एक वाक्य व्हायचं तिथे मास्तरांची चार व्हायची, हातवारे व्हायचे, बाया हसायच्या, एक म्हातारा मान डोलवायचा. त्या दिवशी जे पोचलं ते मास्तरांच्या तोंडून पोचलं. विधी संपल्यावर एक बाई मुलाला घेऊन बिशपांपुढे आली आणि पावरीत बराच वेळ बोलत राहिली. मास्तर तोवर जेवणाच्या व्यवस्थेला गेले होते. बिशपांनी तिचे दोन्ही हात धरले, मुलाच्या कपाळावर क्रूस काढला. तिला काय सांगायचं होतं ते मात्र तिच्यापाशीच राहिलं.

मराठी पुरेशी आहे, सगळ्यांना शाळेत शिकवतात, असं म्हणणारे त्या बाईला भेटलेले नाहीत. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा नववा नियम सांगतो की एका धर्मप्रांतात वेगवेगळ्या भाषांचे लोक असतील तर त्यांना त्यांच्या भाषेत उपासना आणि उपदेश देणारी योग्य माणसं बिशपांनी पुरवावीत. आठशे वर्षांपूर्वीचा हा नियम आहे, तोही लॅटिनच्या ऐन राज्यातला. बिशपपदासाठी वय किमान पस्तीस हवं, धर्मगुरू होऊन पाच वर्षं झालेली हवीत, शास्त्रात पदवी किंवा तसं प्रावीण्य हवं, हे सगळं ३७८ व्या कलमात लिहिलेलं आहे. येणाऱ्याने दोन वर्षांत पावरी, मावची, भिलोरी यांपैकी एक भाषा कामापुरती शिकावी, एवढी अट या धर्मप्रांतासाठी घालायला काय हरकत आहे? परदेशातून आलेले जुने मिशनरी शिकत होते. विदर्भातून, वसईतून, मुंबईतून येणाऱ्याला का जमणार नाही? जन्माने आपला असणं कोणाच्या हातात नसतं, भाषा शिकणं असतं. त्यामुळे ही अट बाहेरच्याला दार बंद करत नाही, आणि इथल्यालाही नुसत्या आडनावावर आत सोडत नाही.

छोटा नागपूरचा दाखला माझ्या मनात कायम असतो. कॉन्स्टंट लिव्हन्स हा बेल्जियन जेझुईट १८८५ मध्ये तिथे पोचला, आदिवासींच्या जमिनींचे खटले समजून घेतले आणि त्यांच्यासाठी उभा राहिला. १९५१ मध्ये निकोलस कुजूर हे आदिवासी जेझुईट रांचीचे बिशप झाले, आणि २००३ मध्ये तेलेस्फोर टोप्पो कार्डिनल. बाहेरून आलेल्याने आधी ऐकलं, मग त्या मातीतून बिशप उभे राहिले, आणि या वाटेला दोन पिढ्या लागल्या. सातपुड्यातल्या मुलांमधून उद्या बिशप व्हायचे असतील तर आज त्यांच्या भाषेत कोणीतरी सेमिनरीचं, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाचं, बोलावणं पोचवलं पाहिजे. दर काही वर्षांनी बदलून जाणाऱ्या माणसाकडून ते होईल का? निदान दहा वर्षं, प्रकृती ठीक असेल तर, या धर्मप्रांतातून बिशपांची बदली करू नये, ही मागणी मला म्हणून अवाजवी वाटत नाही.

काही जण वेगळ्या खानदेश धर्मप्रांताची मागणी करतात. आज ती पेलणार नाही. धर्मगुरू कमी, पैसा त्याहून कमी. ती वीस वर्षांनंतरची गोष्ट आहे.

आणखी एक आक्षेप माझ्या घरातूनच आला. बायको म्हणाली, त्या डोंगरातल्या लोकांना अशा गोष्टींत मत असतं का, त्यांना पाणी-रस्त्याची पडलेली. मी तिला धडगावच्या ग्रामसभांची आठवण दिली. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने याच पाड्यांवरच्या लोकांना गौण वनोपज कोणाला विकायचं, कोणतं जंगल राखायचं हे ठरवायला लावलं. अंगठा उठवणाऱ्या बायांनी ठराव केले. जी माणसं जंगलाचा निर्णय घेतात त्यांना आपल्या श्रद्धेच्या मेंढपाळाकडून काय हवं हे सांगता येणार नाही? चर्च ही ग्रामसभा नव्हे, हे मला कळतं. तिथे ठराव बहुमताने होतो, इथे शेवटचा शब्द पोप महोदयांचा आहे आणि राहावा. पण ऐकून घेण्याच्या बाबतीत तहसीलदार चर्चच्या पुढे असावा, हे मला लागतं.

आमच्या धर्मग्राम मंडळात मी गेल्या महिन्यात एक कागद ठेवला. सध्याचे बिशप निवृत्त होण्याची वाट न पाहता, आत्ताच, त्यांच्याच हाताने नन्सिओंकडे जाईल असं पत्र. त्यात कोणाचंही नाव नाही. किती पाडे, कोणत्या भाषा, किती मास्तर, त्यांतले किती पगारावर आणि किती बिनपगारी, कोणत्या पाड्यावर गेल्या वर्षी किती मिस्सा झाल्या. दोन सभासद म्हणाले हे उद्धटपणाचं होईल. फादर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, भाषांचा रकाना भरायला मास्तरांना बोलवावं लागेल, आपल्यापैकी कोणाला तो भरता येणार नाही. पुढच्या बैठकीला मास्तर धडगावहून येणार आहेत.